माझ्या मुलीची सायकल

ही गोष्ट मी अमरावतीत इतक्या मंडपांत सांगितली आहे की तुम्ही ती कदाचित ऐकलीही असेल. एका लहान मुलीनं आपली लाडकी सायकल मेळघाटातल्या मुलांसाठी स्वतःहून देऊन टाकली, ती गोष्ट. ती मुलगी माझी, कल्याणी. सांगणारा मी. पण खरं काय घडलं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी हिशेबी माणूस आहे. आमच्या कॉलनीच्या गणेश मंडळाचं वस्तुदान मी सांभाळतो. गोळा झालेलं सामान जीपनं धारणीकडच्या एका आश्रमशाळेत जातं. किती ब्लँकेटं गेली, किती दप्तरं गेली, सगळं माझ्याकडे चोख असतं. सायकलही पोचली — पोच आहे. तेवढं खरं आहे.

मग खोटं काय? सांगतो. जरा थांबून सांगतो.

आमच्याकडे आरती झाली की देणाऱ्यांची नावं माइकवर पुकारतात. एकदा नाव पुकारलं की माघार नाही; दिलं नाही तर कॉलनीत तोंड दाखवायची सोय नाही. हे मला माहीत होतं. इतरांपेक्षा जास्तच माहीत होतं, कारण पुकारणारा मीच.

त्या वर्षी मी ठरवलं होतं की मुलांनी द्यायचं. जुनंपानं नाही, आपल्या आवडीचं काहीतरी. लहानपणी सवय लागली तर जन्मभर राहते, असं मी माइकवर समजावून सांगत होतो. मुलं खाली बघत होती. आयाबाया प्रसादाकडे बघत होत्या. कुणी हात वर करेना. मी पुन्हा विचारलं. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले — आणि मला घाम फुटला. कल्पना माझी होती ना?

कल्याणी पहिल्या रांगेत बसली होती. चौथीत होती. तिच्या मामानं मूर्तिजापूरहून एसटीच्या टपावर टाकून तिला सायकल आणून दिली होती. नुकतीच ती हात सोडून चालवायला शिकली होती. मंडपातही सायकलवरच आली होती.

मी तिला विचारलं नव्हतं. घरी नाही, वाटेत नाही, कधीच नाही. मी सरळ माइकवर म्हणालो, "माझी मुलगी कल्याणी आपली सायकल स्वतःहून देत आहे."

टाळ्या. तिनं वर बघितलं. आधी तिला वाटलं मी गंमत करतोय — ती हसलीसुद्धा. मग बाजूच्या काकूंनी तिला उभं केलं. तिनं फ्रॉकच्या खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. त्यानंतर मुलांची रांग लागली. कुणी बॅट आणली, कुणी बाहुली.

घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी कधी म्हटलं होतं?"

मी म्हणालो, "कुणी विचारलं तर मनानं दिली म्हणायचं. आता नाही म्हटलं तर माझी काय इज्जत राहील?"

नऊ वर्षांच्या मुलीला मी माझी अब्रू सांभाळायला दिली. तिनं सांभाळली. आईनं विचारलं, खरंच द्यायची होती का गं? ती म्हणाली, हो. दिवाळीत मामा आला. अंगणात सायकल नाही. सगळं ऐकून तो हसला, पण त्याला लागलं होतं.

"मोठी दानशूर झाली बाप्पा आमची भाची! काहून वं, मामाची सायकल पसंत नोती का तुले? मले सांगतलं असतं तं दुसरी आनली असती."

ती दारात उभी होती. मी समोर बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला — एकच. मी म्हणालो, "घ्या, चिवडा घ्या." मामानं पुन्हा कधी तिच्यासाठी काही आणलं नाही.

आणि गोष्ट पसरली. शाळांनी बोलावलं, दुसऱ्या मंडळांनी बोलावलं. ती ऐकून पालक मुलांना घेऊन पुढे येतात, जीप भरते. खरं सांगितलं तर त्या जीपचं काय? — असं मी स्वतःला विचारत आलो. पण मला जीपची काळजी होती, की माझी?

कल्याणी आता अकोल्याला असते. तिला चार वर्षांची मुलगी आहे, ईरा. यंदा दोघी गणपतीसाठी तीन दिवस राहायला आल्या. वस्तुदानाच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच कल्याणी बॅग भरायला लागली. ईरा कापडी हत्ती काखेत धरून बाजूला उभी होती.

"बाबा, आम्ही दुपारच्या बसनं निघतो."

"अगं, संध्याकाळी कार्यक्रम आहे. ईराला बघू दे ना."

"म्हणूनच निघतो."

आवाज चढला नव्हता. तिनं चेन ओढली आणि मुलीला उचललं.

मी दोघींना स्टँडवर सोडायला गेलो. बस लागायला वेळ होता. आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो. मी पाण्याची बाटली आणली, संत्र्याच्या गोळ्या आणल्या, ऊन फार आहे म्हणालो. बस आली. त्या गेल्या.

मी वेळेवर मंडपात पोचलो. माइक हातात घेतला आणि सायकलची गोष्ट सांगितली, नेहमीसारखीच. सांगून झाल्यावर मधल्या रांगेतल्या एका बापानं आपल्या मुलीला पाठीत हलकेच ढकललं. ती उठली. छातीशी रंगांची पेटी होती, नवी, वरचा कागदही काढलेला नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती; मागे वळून बापाकडे बघत होती.

मला दिसलं. सगळं दिसलं.

मी वाकून तिचं नाव विचारलं आणि माइकवर पुकारलं.