मुकादमाची सुट्टी

हॉटेलात तिला सगळे घडीबाई म्हणत. स्टेशनासमोरच्या त्या हॉटेलातला तिसरा मजला तिच्याकडे होता, आणि चादरीचा कोपरा ती गादीखाली असा दाबून घालायची की पाहुण्याला आत शिरायला आधी पायानं रेटा द्यावा लागे. नव्या मुली कामाला लागल्या की मॅनेजर त्यांना पहिले काही दिवस तिच्या हाताखाली धाडायचा. घरी तिची लेक लहानपणापासून टॉवेलाची घडी दोनदा करायची. एकदा स्वतःच्या मनासारखी, मग मोडून आईच्या मनासारखी.

घडीबाईची एक हौस होती, पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून तिनं कधी सांगितली नव्हती. तिला एकदा दुसऱ्या कुणी आवरलेल्या खोलीत राहायचं होतं. सकाळी उठावं, पलंग तसाच टाकावा, ओला टॉवेल खुर्चीवर भिरकावावा, फिरून यावं आणि बघावं तर सगळं जागच्या जागी. बस, एवढंच.

जावयाच्या कंपनीचं तलावाकाठी विश्रामगृह होतं. तिथल्या खोल्या चिठ्ठ्या टाकून मिळत, आणि जावयाची चिठ्ठी वर्षानुवर्षं निघत नव्हती. यंदा निघाली. चार दिवस, दोन खोल्या. लेकीनं फोनवर सांगितलं की तू आणि बाबा येताय, नाही म्हणायचं नाही. घडीबाई कसली नाही म्हणते. तिनं त्याच दिवशी रजा टाकली.

प्रश्न होता तो मुकादमाचा. मुकादम म्हणजे त्यांचा बोका. एक कान फाटलेला, चालणं सावकाश, आणि घरात कुणी काही काम करत असलं की समोर बसून बघत राहायचं, म्हणून मुकादम. लेक लग्न होऊन गेली आणि पाठोपाठ नवरा बसच्या कंडक्टरकीतून निवृत्त झाला, तेव्हापासून नवऱ्याचं बहुतेक बोलणं मुकादमाशीच चालायचं. घडीबाई दमून घरी आली की तिला दिवसभराच्या बातम्या त्या दोघांच्या संभाषणातून कळत. तर मुकादमाला शेजारच्या सुताराकडे ठेवायचं ठरलं. ठरलं म्हणजे घडीबाईनं ठरवलं. नवरा हो म्हणाला, आणि तो इतक्या पटकन हो म्हणाला तेव्हाच खरं तर तिला शंका यायला हवी होती.

प्रवासात नवऱ्यानं त्याची निळी बॅग डिकीत ठेवू दिली नाही, मांडीवरच घेतली. आणि गाडी सुरू झाल्यापासून तो खोकत होता. साधं खोकणं नाही, ढास लागल्यासारखं. जावयानं काचा खाली केल्या. लेकीनं वाटेत औषधाच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली आणि बाबांना आपल्या हातानं दोन चमचे औषध पाजलं. त्यानं ते निमूट घेतलं आणि पुन्हा खोकला.

विश्रामगृहाच्या दाराशीच नियमांची पाटी होती. जावई कंपनीच्या सुरक्षा खात्यात. कुठे हेल्मेट घाला, कुठे हात घालू नका, असल्या पाट्या लावायच्या आणि लोक त्या वाचतात का ते बघत फिरायचं, हेच त्याचं काम. मुलगा सोन्यासारखा, पण घरातसुद्धा खाली कुणी धरल्याशिवाय तो स्टुलावर चढत नसे. त्यानं ती अख्खी पाटी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. पाळीव प्राणी आणण्यास सक्त मनाई. नियम मोडल्यास खोली ताबडतोब रिकामी करावी लागेल आणि त्या कर्मचाऱ्याला पुढची पाच वर्षं चिठ्ठी टाकता येणार नाही. नवऱ्याला पुन्हा जोराची ढास लागली.

खोली टोकाची होती, खिडकीतून तलाव दिसत होता. घडीबाई पलंगापाशी गेली आणि तिनं चादरीवरून हात फिरवला. ताणून घातलेली, स्वच्छ. तिला एकदम हसूच आलं. मग तोंड पुसायला रुमाल काढावा म्हणून तिनं निळी बॅग उघडली, तर दोन स्वेटरांच्या मधून मुकादम तिच्याकडे बघत होता.

"अहो, हे काय?"

"मुकादम," नवरा म्हणाला.

"ते दिसतंय मला. तिकीट काढलंय का त्याचं?"

नवऱ्यानं सांगायचं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. लेकीच्या लग्नात याला सुताराकडे ठेवला होता तेव्हा यानं तीन दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं, आठवतं ना. तेव्हा हा तरणा होता, आता म्हातारा झालाय. परत गेल्यावर सुतारानं त्याला खोक्यात घालून हातात दिला असता तर काय केलं असतं. त्यानं मुकादमाच्या शी-शूसाठी सुताराकडून भुसा आणला होता, घरातला जुना पत्र्याचा ट्रेही आणला होता. म्हणजे बेत पक्का होता आणि सुतारही त्यात सामील होता.

घडीबाईला रडावं की ओरडावं ते कळेना. ओरडायची तर सोयच नव्हती, पलीकडच्या खोलीत लेक-जावई. ती पलंगावर बसली आणि लगेच उठली. चादरीला सुरकुती पडली होती.

तिथून तिची सुट्टी संपली.

इतर कुणी असतं तर मांजर पलंगाखाली ढकलून तलावावर फिरायला गेलं असतं. पण केस कुठे कुठे अडकतो हे घडीबाईला माहीत होतं. पडद्याच्या खालच्या दुमडीत, खुर्चीच्या पायाशी, उशीच्या शिवणीत, न्हाणीघराच्या जाळीवर. हॉटेलात असले केस तिनंच तर वर्षानुवर्षं शोधून काढले होते. तिनं तळहात ओला करून गादीवरून, खुर्चीवरून फिरवला आणि जमलेले केस कागदात गुंडाळले. भुशाचा कण न् कण टिपला. दारावर "त्रास देऊ नये" ही पाटी अडकवली. लेक हाक मारायला आली की दार बोटभर उघडून, बाबांना जरा पडू दे, खोकला आहे ना, असं सांगायची. लेक म्हणायची, मग तू तरी चल. ती जायची, काठावरच्या बाकावर बसायची, आणि कुठे काही खुट्ट झालं की मान खोलीकडे वळायची. जावई पाण्याची खोली किती, पोहायला कुठे मनाई, ते सांगत होता. ती हो हो म्हणत होती. तलाव तिनं पाहिला असं म्हणता यायचं नाही.

मुकादम मात्र मजेत होता. खिडकीच्या पडद्याआड बसून तो बाहेरची बदकं बघायचा. नवरा त्याला हळू आवाजात एकेका बदकाबद्दल माहिती पुरवायचा. रात्रीच्या जेवणातला उकडलेला मासा रुमालातून आणला होता, तो मुकादमानं सगळा खाल्ला.

"बघ, कसा खातोय," नवरा म्हणाला.

"माझ्या जिवावर खातोय," घडीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाटी लावून भागणार नव्हतं. सलग दोन दिवस पाटी दिसली की दार ठोठावतातच. तिच्या हॉटेलातही तसाच रिवाज होता. तेव्हा तिनं बेत केला की सकाळी नवऱ्यानं बॅग घेऊन मागच्या झाडीत जाऊन बसायचं, आणि खोली आधीच इतकी नीट ठेवायची की साफसफाईच्या बाईला वाकून बघायचं कारणच पडू नये. उजाडल्यापासून ती राबत होती. पलंग केला, टॉवेल घडी करून दांडीवर टाकले, आरसा पुसला, पेले उपडे घातले, न्हाणीघर कोरडं केलं. नवरा बॅग घेऊन गेला आणि ती खुर्चीत, पाहुणीनं बसावं तशी, मासिक घेऊन बसली.

साफसफाईची बाई तिच्याच वयाची होती. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, ढकलगाडीचं एक चाक कुरकुरत होतं. ती आत आली, पलंगाकडे बघितलं, न्हाणीघरात गेली. मग ती हातात टॉयलेट पेपरची गुंडाळी घेऊन बाहेर आली. गुंडाळीच्या टोकाला नीट, टोकदार त्रिकोणी घडी घातलेली होती. पाहुण्याला कळावं की न्हाणीघर आत्ताच साफ झालंय, म्हणून घालतात ती. घडीबाईच्या हातांनी ती कधी घातली, घडीबाईलाही पत्ता नव्हता.

"कुठल्या हॉटेलात आहात?" बाईनं विचारलं.

घडीबाईनं मासिक मिटलं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं सांगितलं.

"मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं. पाहुणा स्वतः खोली आवरतो तो एक तर काहीतरी फोडल्यावर, नाही तर काहीतरी लपवताना. फुटलेलं मला इथे काही दिसत नाही." बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "कुत्रं की मांजर?"

"मांजर."

"तरीच. खोलीला कसला वासच नाही. दोन माणसं राहतात तिथे काहीतरी वास असतो."

ती चिडलेली नव्हती, हेच जास्त वाईट होतं. तिनं सरळ सांगितलं की ती चहाडी करणार नाही. पण मागे एकानं पिल्लू आणलं होतं, आणि नंतर त्या खोलीत उतरलेल्या मुलाला रात्रभर धाप लागली. पाहुणा केव्हाच निघून गेला होता, त्याला कोण विचारणार. घरी बसली ती त्या खोलीची बाई. "दुपारची जेवणं झाली की सुपरवायझर फिरतो. त्याचं नाक फार तिखट आहे. आणि ही खोली माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि न झाडताच गाडी घेऊन गेली. झाडण्यासारखं काही नव्हतंच.

घडीबाई येरझारा घालू लागली. पाहुणे निघून जातात, बाई घरी बसते. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण जावयाला सांगायचं म्हणजे लेकीचं तोंड उतरणार. न सांगता सापडलं तर अख्ख्या कंपनीसमोर त्याचं नाव जाणार, आणि तेही पाट्या लावणाऱ्याचं. ती दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी चप्पल न घालताच ती व्हरांड्यात आली, जिथे लेक-जावई चहा पीत होते, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या बाईचंही सांगितलं.

जावयानं चहाचा कप खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे तो खोकला?"

"मुकादमाचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून."

"मी त्यांना औषध पाजलं, आई," लेक म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग ती भडकली. बाबांना पोटच्या पोरीपेक्षा ते मांजर लाडकं, लग्नातसुद्धा पाठवणीच्या वेळी ते सुताराच्या दारात होते. हे घडीबाईला नवीन होतं. तिला वाटलं होतं ते तेव्हा रडायला कुठेतरी आडोशाला गेलेत.

जावई उठला. मॅनेजरला कळवावं लागेल, असं तो म्हणाला. लोकांना मी हेच सांगत असतो, लपवू नका, आधी कळवा.

"कळवा," घडीबाई म्हणाली. "पण आधी मांजर जाऊ द्या. आणि त्या बाईच्या अंगावर काही येऊ देऊ नका. बाकी तुम्ही म्हणाल ते."

झाडीतून नवऱ्याला बोलावलं. दुपारची बस होती, तिचा कंडक्टर त्याच्या ओळखीतला निघाला. नवऱ्यानं लेकीकडे बघायचं टाळलं, स्वेटर काढून ठेवले, मुकादमाला नीट बसवलं. मग बायकोची पिशवी शोधू लागला.

"माझी पिशवी कशाला?"

"म्हणजे? तू येत नाहीस?"

लग्न झाल्यापासून तो निघाला की तीही निघायची. विचारायची पद्धतच नव्हती. घडीबाईनं खिडकीच्या कडेचा एक केस चिमटीत उचलला आणि म्हणाली, "नाही. मी राहणार आहे."

"एकटी?"

"मुकादम तुमच्याबरोबर आहे ना. मग एकटी मीच राहणार."

बस सुटल्यावर जावई मॅनेजरकडे गेला आणि बऱ्याच वेळानं आला. मॅनेजरनं खोली रिकामी करायला लावली नाही, कारण प्राणी आता तिथे नव्हता. पण पुढची पाच वर्षं त्याची चिठ्ठी बंद. मॅनेजरनं साफसफाईच्या बाईचं विचारलं तेव्हा जावयानं सांगितलं होतं की ती आत आलीच नाही, दारावर पाटी होती. हे सांगताना तो घडीबाईकडे बघत नव्हता. तो खोटं बोलला असं घडीबाईनं पहिल्यांदाच ऐकलं. त्याचे कान लाल झाले होते. लेक संध्याकाळी तिच्याशी एक अक्षर बोलली नाही, फक्त जेवताना ताटात न मागता वाढलं.

नवऱ्याचा फोन आला. पोचलो, मुकादमानं खाल्लं, मी काही खाल्लं नाही, साखर कुठे आहे. तिनं साखरेचा डबा कुठे आहे ते सांगितलं. मग त्यानं विचारलं, तिथे तलाव कसा आहे गं, मला काही नीट बघायला मिळाला नाही. तिलाही सांगता येईना.

सकाळी तिनं पांघरूण बाजूला सारलं आणि पलंग तसाच टाकला. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. चाकाची कुरकुर जवळ आली तेव्हा बाहेर जावं असं तिच्या मनात आलं, पण ती खुर्चीतच बसून राहिली. बाई आत आली, पलंग बघून मान डोलावली आणि कामाला लागली. गेलं का ते, एवढंच तिनं विचारलं, आणि गेलं एवढंच घडीबाई म्हणाली.

बाईची पद्धत वेगळी होती. तिनं एक बाजू आधी खोचली, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. पायाकडचा कोपरा सैल राहिला. रात्री निघणार तो, घडीबाईला खुर्चीतून दिसत होतं. तिची बोटं मांडीवर आपोआप दुमडत होती. बाईनं उशा आपटल्या, चादरीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बरोबर आहे का?"

"छान आहे," घडीबाई म्हणाली. ती उठली नाही.