दिवेलागणीची एक रिंग

मोठा खर्च मी मुकाट्यानं करतो. घराला रंग दिला, मुलीला लॅपटॉप घेतला, तेव्हा कपाळावर आठी आली नाही. माझा जीव जातो तो बारीकसारीक पैशांत. दोन मिनिटं गाडी लावली तरी पावती फाडणारा माणूस, थंड बाटलीवर वरून दोन-पाच रुपये लावणारा दुकानदार, एवढी खरेदी करूनही पिशवीचे वेगळे पैसे मागणारी काउंटरवरची मुलगी. चिखलीत आमच्या घरी प्यायचं पाणी जारनं येतं. जारवाला दारात उभा राहिला की मला उगीचच त्याचा राग येतो. भला माणूस आहे, दोन जिने चढून येतो. तरी राग येतो.

आणि सगळ्यात जास्त राग मोबाइलच्या रिचार्जचा. महिन्याचं म्हणायचं आणि अठ्ठावीस दिवसांत संपवायचं. माझं, बायकोचं, मुलीचं, आणि चौथं बाईचं.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आम्ही भावंडं तिला बाईच म्हणत आलो. ती वरवट बकालला असते. भाऊजी गेले, मूलबाळ नाही, दोन खोल्या आणि मागं वांग्या-मिरच्यांचा वाफा. पलीकडच्या घरात एक मुसलमान शिलाईवाली राहते, तिला बाई भाभी म्हणते. चिखलीला ये म्हटलं की बाई म्हणते, वाफ्याले पाणी कोण देईन.

तिला बटनाचा फोन मीच घेऊन दिला. तेव्हा बोलायला पैसे पडायचे, म्हणून आमचं ठरलं: दिवे लागले की तिनं एक रिंग द्यायची आणि तोडायची. मी उचलायचा नाही. एक रिंग म्हणजे मी बरी आहे, जेवायला बसते. लागोपाठ दोन आल्या तर काम आहे, तू लाव. पुढं बोलणं फुकट झालं, तरी आमची रिंग तशीच राहिली. इतकी वर्षं झाली, दोन रिंगा फार तर चार-पाच वेळा आल्या असतील. बायको संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावते, तेवढ्यात फोन एकदा वाजून गप्प होतो. बायको विचारते, "बाईंची रिंग ना?" मी म्हणतो, "हो."

पैशांच्या बाबतीत बाई माझ्या अगदी उलट. तिच्याजवळ काय असणार, पण ती ज्या तऱ्हेनं पैसे देते ते मी अजून शिकतोय. एका लग्नाला तिला घेऊन निघालो होतो. वाटेत एका स्टँडवर तिला बाथरूमला जायचं होतं. दारात बसलेल्या कामवालीनं पैसे मागितले. बायकांकडून कसले पैसे घेता म्हणून मी वाद घालायला लागलो. नियम सांगितला, पाटी दाखवली, तक्रार करतो म्हणालो. चार माणसं जमली. तेवढ्यात बाई बाहेर आली. तिनं रुमालाची गाठ सोडून पैसे त्या कामवालीच्या हातात ठेवले आणि मला म्हणाली, "भाऊ, अंदर फिनाईलचा वास येऊन राह्यला. कोनं तरी घासलं असन ना." जमलेले हसले. मी बसमध्ये बसल्यावरही नियम सांगत होतो. आणि ती खिडकीतून बाहेर बघत "हाव, हाव" करत होती.

मागच्या वर्षी रिचार्जचे भाव पुन्हा वाढले. बाईचं संपत आल्याचा मेसेज मला आला. मी मनात म्हटलं, एका रिंगेसाठी एवढे पैसे! तिला कुठं कोणाला फोन करायचाय. दोन-चार दिवसांनी मारू. मुद्दाम केलं असं नाही. पण विसरलोही नव्हतो, आणि ते आज पहिल्यांदा लिहितोय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिंग आली नाही. बायकोनं मेणबत्ती लावली आणि नेहमीसारखं विचारलं. मी म्हणालो, "आली ना, मघाशीच."

का म्हणालो? खरं सांगितलं असतं तर रिचार्जचं निघालं असतं, आणि बायको काही बोलली नसती, नुसती बघत राहिली असती. तिचं ते बघणं मला सहन होत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. एकदा म्हटल्यावर पुन्हा म्हणणं सोपं जातं. रिचार्ज मारायला फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. आता मारला तर आपणच मागं ठेवला होता हे आपल्यालाच दिसेल, असं काहीतरी वाटायचं.

त्याच दिवसांत एका अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. संध्याकाळी, एकदा वाजून बंद. हल्ली कर्ज पाहिजे का, प्लॉट पाहिजे का, असे किती फोन येतात. आपण उलटून लावावा म्हणून असं करतात, असं ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. तीन संध्याकाळी पाहिलं आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला.

मग एका रात्री जेवताना मुलगी सहज म्हणाली, आत्याशी कितीक दिवसांत बोललो नाही, लाव ना. मी ताट तसंच ठेवलं. उठून गॅलरीत गेलो, तिथल्या तिथं रिचार्ज मारला आणि फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. दुसऱ्या कोणाचा नंबर माझ्याजवळ नव्हता. तिच्या गावातल्या एकाही माणसाचा नंबर इतक्या वर्षांत मी घेऊन ठेवला नव्हता.

पहाटेच्या गाडीनं निघालो. खामगावला बदलली, शेगावला बदलली. एकटं बाईमाणूस. पाय घसरला असेल, ताप आला असेल, आणि रिंग आली नाही तर भाऊ येईल म्हणून ती वाट बघत असेल. ती रिंग म्हणजे तिची एकुलती एक सोय होती, आणि मी ती बंद होऊ दिली होती. शेगावच्या पुढं बस खचाखच भरली होती, मी दारापाशी उभा होतो. कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हणून राहिलेले पैसे तिकिटामागं लिहून दिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते मागायला विसरलो.

बाईच्या दाराला बाहेरून कडी होती. मी तसाच उभा राहिलो. मग पलीकडून शिलाई मशीनचा आवाज आला आणि मागोमाग बाईचं हसणं.

ती भाभीच्या ओसरीवर बसली होती. मांडीवर चार-पाच ब्लाउज, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, आणि हातात सुई. ब्लाउजला हुक लावत होती. मला पाहून तिची सुई थांबली.

"घरी सारे बरे हायेत ना?"

हो म्हणालो.  भाभीनं मशीन थांबवून पाणी आणलं आणि सांगायला लागली. बाईचा फोन बंद पडल्यापासून बाई रोज दिवेलागणीला भाभीकडं येते, तिच्या फोनवरून चिखलीला एक रिंग देते. एका रिंगेचे कसले पैसे, असं भाभीनं हजारदा सांगितलं, पण बाई ऐकत नाही. रिंग दिली की बसते आणि हुक लावून देते, काजं करते. "मैं तो बोलती, बाई, फुकट हाय," भाभी म्हणाली. "ये बोलती, तुहा फोन फुकट असन, मही रिंग फुकट नाही."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. "भेटत होती ना रे रिंग?"

मी पाणी प्यायलो. म्हणालो, "भेटत होती."

तिचा फोन तिनं पेटीत ठेवून दिला होता. चालत नाही तर चार्जिंग कशाला जाळायचं, म्हणून. मी तो चार्जरला लावून चालू करून दिला. मग विचारलं, संपलं होतं तर मला निरोप का नाही दिला, किंवा इथल्या दुकानातून का नाही मारून घेतलं. ती वांगी तोडत होती, माझ्याबरोबर द्यायला. मान वर न करता म्हणाली, "तुही काही अडचन असन म्हनलं. म्या मारलं असतं त तुले वाटलं असतं, बहिनीनं टोमना मारला."

येताना बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन तो अनोळखी नंबर, म्हणजे भाभीचा, मी उघडला आणि ब्लॉक काढला. डोळे शिणवून तिनं लावलेल्या त्या सगळ्या हुकांच्या मोबदल्यात तिनं जे विकत घेतलं होतं, ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

यानंतर रिंग पुन्हा सुरू झाली, दिवे लागले की एकदाच. मी "हो" म्हणायचो आणि आता ते खरं असायचं, तरी बायकोकडं न बघता म्हणायचो. पंधरवडाभर असं चाललं. मग एका संध्याकाळी रिंग आली आणि ती तोडायच्या आत मी फोन उचलला. बायको मेणबत्ती हातात धरून थांबली.

 पलीकडून बाईचा घाबरलेला आवाज आला. "काऊन उचलला रे? काय झालं?"

"काही नाही झालं, बाई. एक सांगायचं होतं."

आणि बायकोसमोरच सांगितलं. रिचार्ज मी विसरलो नव्हतो, जिवावर आलं होतं. भाभीच्या फोनवरून दिलेली तिची रिंग मला तीनदाच दिसली, ती कोणाची हे मला कळलं नाही, आणि मी तो नंबरच बंद करून टाकला. मी खोटं बोललो. घरीही खोटं बोललो.

फोनवर मागं भाभीची मशीन ऐकू येत होती. रिचार्ज झाल्यावरही बाई तिच्याकडं बसतच होती तर. 

"मंग त्या दिवशी तू कायच्यासाठी आल्ता?"

"भ्यालो होतो."

"बरं झालं," ती म्हणाली. "रिंग भेटत राह्यली असती त आला असता काय तू?"

 तिनं लगेच विषय बदलला. वांग्यांची भाजी केली होती का, मुलीला आवडली का, विचारलं. मग म्हणाली, "ठेव आता. दोन हुक राह्यले हायेत." मी फोन ठेवला. बायकोनं मेणबत्ती लावली आणि नुसतं माझ्याकडं पाहिलं. या वेळी मी मान खाली घातली नाही.

रविवारी बाईकडं जायला खामगावची गाडी किती वाजता आहे, ते मी बायकोलाच विचारलं.