राब समजून पेटवलेला ढीग

आमच्या शाळेला लागून खताचा ढीग जळाला, त्याला आता काही वर्षं झाली. तो खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणामुळे जळाला असं गावात अजूनही काही जण सांगतात. ते खोटं आहे. तो मी पेटवला होता.

आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधलं, नागोठण्याच्या अलीकडचं. कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी घरची भातशेती बघू लागलो आणि शाळेच्या समितीचा अध्यक्षही झालो. त्याच सुमारास दोन्ही तालुक्यांतल्या शाळांसाठी कचऱ्याची स्पर्धा सुरू झाली. गावातला सुका कचरा गोळा करायचा, वेगळा काढायचा, ओल्याचं खत करायचं, आणि परीक्षक येऊन बघणार. मुलांनी दुधाच्या पिशव्या आणि वेफरची पाकिटं पोत्यांत भरली. पेणचा भंगारवाला महिन्यातून एकदा टेम्पो घेऊन यायचा, तेव्हा पोती चढवायला वर्गच्या वर्ग धावायचा.

शाळेची जमीन मुरमाड, खड्डा खणता येईना. म्हणून शाळेला लागून असलेला माझ्या शेताचा एक कोपरा मी दिला. तिथे मुलांनी जमिनीवरच लांबट ढीग रचला. खिचडी शिजवणाऱ्या बाईने दोन महिने भाज्यांची सालं, देठ, भाताचं पाणी सगळं ढिगासाठी राखून ठेवलं होतं. चुलीतली राखही ती टाकायची, कारण मुलांना गुरुजींनी सांगितलं होतं की राख चांगली. ती स्वतः पाटीत पालापाचोळा भरून आणायची. मुलं म्हणायची, ढीग तिचाच आहे, आम्ही नुसते मदतनीस.

घाटावरच्या वाचकांना राब म्हणजे काय ते सांगायला हवं. भाताची रोपं जिथे टाकायची ती जागा आम्ही उन्हाळ्यात भाजून घेतो. खाली शेण, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर पालापाचोळा, आणि सगळ्यात वर बारीक माती, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. वाऱ्याच्या उलट बाजूने काडी लावायची. वाडवडिलांपासूनची रीत आहे, हातांना पाठ आहे.

मुलांनी ढीग रचला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आमचाच राब होता. शेण, टहाळ, पाला, वर माती. जळायच्या आदल्या दिवशी तो रचून पुरा झाला, पाणी दुसऱ्या दिवशी मारायचं ठरलं होतं.

पुतण्याला मी राब रचून ठेवायला सांगितलं होतं. पहाटे मी शेतावर गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, उजाडलंही नव्हतं. दर वर्षी राब असतो त्याच कोपऱ्यात लांबट, मातीने झाकलेला थर दिसला; कोपरा मुलांना दिल्याचं ध्यानातच आलं नाही. मी वाऱ्याची दिशा बघितली, उलट बाजूला वाकलो आणि काडी लावली. नीट धुमसायला लागलं तसा वडखळला एका लग्नाला निघून गेलो.

संध्याकाळी परतलो तर शाळेपाशी माणसं जमलेली. ढिगाच्या जागी काळा पट्टा. माझा राब पलीकडच्या बांधाला जसाच्या तसा होता. मला सगळं कळलं. पण मी तोंड उघडायच्या आधीच ती बाई म्हणाली, "काल सांजच्याला राख मीच टाकली व्हती. विझली असंल असं वाटलं मला. माजीच चूक झाली."

मी गप्प बसलो. बोलायला काय अडलं होतं, असं कुणी विचारेल. अडलं होतं ते असं, की प्रजासत्ताक दिनाला मुलांना शपथ मीच दिली होती. कचरा जाळणार नाही, जाळू देणार नाही. मोठ्या आवाजात, हात पुढे करून. ती शपथ घेणाऱ्या मुलांपुढे आता काय सांगणार होतो? समितीच्या बैठकीत तिला ढिगाच्या कामातून मोकळं करायचं ठरलं, तेव्हाही मी मान डोलावली.

त्यानंतर स्पर्धा दर वर्षी होत राहिली, पण आमचं खत कधी जमलं नाही. सालं शाळेमागच्या ओढ्यात जायची, ढीग कोरडा पडायचा. त्या बाईने तिकडे पाऊल टाकलं नाही.

या वर्षी नव्या बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. बैठकीत त्यांनी विचारलं, ढिगाकडे रोज कोण बघेल? एक जण म्हणाला, "खिचडीवाल्या काकूंना नका देऊ बाई, शाळा पेटवतील या टायमाला." सगळे हसले. ती चहाचे कप गोळा करत होती. तीही हसली. त्या हसण्याने माझी झोप गेली.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला ठाव हाय. लग्नाला घातलेल्या शर्टाला धुराचा वास व्हता तुमच्या. मी धुतला तो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघत व्हते."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात गेलो. खिचडीवाली बाई तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"म्हंजे मी नाय," ती म्हणाली.

"नाय गो."

"घरची राख अजून दोनदा पानी मारून टाकते मी. नवरा म्हणतो, राख भिजवतेस का डाळ भिजवतेस." सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला. "मला सांगून काय उपेग काका? मला नावं काय म्या ठेवली नव्हती. जे बोलले त्यांना सांगा."

मी शनिवारी परिपाठाच्या वेळी मुलांसमोर उभा राहिलो, पालकही बोलावले होते. बोललो.   मग पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला. "आजोबा, तो ढीग राबासारखा नीट भाजला का हो?" कुणालातरी हसू फुटलं, आणि मग मलाही. मी म्हणालो, "एकदम नीट. त्या मुलांनी रचलाच तसा होता."

बैठकीत विनोद करणारा गडी नंतर खिचडीवाल्या काकूंकडे गेला. काय बोलला मला माहीत नाही. पण सोमवारी ती पाटीभर देठ घेऊन ढिगापाशी आली, आणि जाताना मला हाक मारून गेली, "काका, बांधावरचा पाला आणा. सुका आणा, भिजलेला नको." तेव्हापासून मी रोज आणतो. ढीग आता कमरेएवढा आहे. मधे हात घातला तर ऊब लागते, आणि वास येतो तो चांगल्या मातीचा.

गेल्या आठवड्यात परीक्षक आले. निकाल अजून लागायचा आहे. मुख्याध्यापिकांनी माहिती द्यायला तिलाच पुढे केलं. तिने थर समजावले, पाणी किती मारायचं ते सांगितलं, मुलांची कामं सांगितली. एका परीक्षकाने विचारलं, "याआधी कधी अडचण आली होती का?"

"एकदा जळला व्हता," ती म्हणाली. "कसा ते त्या काकांना इचारा. ते चांगलं सांगतात."

सगळे माझ्याकडे वळले. मी डोक्यावरची पाल्याची पाटी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.