मिस्त्रींचा पिंट्या

"माकड म्हणायचं न्हाई," मिस्त्री प्रत्येकाला आधी एवढंच सांगायचे. "माकडाला शेपूट असतंय. ह्याला कुठं हाय, दावा की."

समोरचा माणूस खरंच वाकून बघायचा. तेवढ्यात मिस्त्रींच्या कडेवर बसलेला पिंट्या त्याच्या खिशातलं पेन काढून घ्यायचा आणि सगळे हसायचे. मीही हसलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या काळात मी एकटा शहाणा होतो असं तुम्हाला वाटायला नको.

मी जनावरांचा डॉक्टर. कोल्हापुरात राजारामपुरीत माझा दवाखाना होता, पण निम्मा दिवस आसपासच्या गावांतल्या म्हशींमागे जायचा. मिस्त्रींचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं आणि त्याच्याच मागे दोन खोल्यांचं घर. लग्न केलेलं नव्हतं. थोरली विधवा बहीण घर सांभाळायची. तिला सगळे आक्का म्हणत. मिस्त्रींना एक सवय होती. हातात काहीही दिलं, चहाचा कप असो की लग्नाची पत्रिका, आधी अंगठा फिरवून त्याचा काठ तपासायचे. लोखंडावर आयुष्य गेलेला माणूस. काठाला खोट राहिलेली त्यांना चालायची नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गावात एक सर्कस आली होती आणि तिच्या जनरेटरचा शाफ्ट बघायला मिस्त्री गेले होते. तिथे एका खोक्यात चिंपांझीचं पिल्लू पडलं होतं. त्याची आई मेली होती. मॅनेजर म्हणाला, "न्यायचं तर न्या. हे काही जगत नाही." मिस्त्रींनी अंगातला स्वेटर काढला, पिल्लू त्यात गुंडाळलं आणि स्कूटरवरून थेट माझ्याकडे आले.

मी चिंपांझी तोवर फक्त चित्रात पाहिला होता. छाती कफाने भरली होती एवढं कळत होतं. औषध किती द्यायचं ते विचारायला मी लहान मुलांच्या एका डॉक्टर मित्राला फोन लावला.

"वय किती?"

"वर्षाचं असेल."

"वजन?"

"चार किलो."

"फारच कमी आहे. आईला घेऊन पाठव."

"आई नाही," मी म्हणालो. "आणि अंगावर केस जरा जास्त आहेत."

पिंट्या वाचला. आठ दिवस आक्कांनी त्याला पोटाशी धरून ठेवलं होतं. नावही त्यांनीच ठेवलं.

त्या काळात तुमच्यापैकी कुणी कोल्हापुरात असेल, तर त्याने ती स्कूटर पाहिली असेल. पुढे हँडल धरून उभा पिंट्या, डोक्याला माकडटोपी, मागे मिस्त्री. सिग्नलला रिक्षावाले केळी द्यायचे. वर्कशॉपमध्ये तर त्याची वेगळीच ऐट. लेथखालून मिस्त्री नुसता हात बाहेर काढून म्हणायचे, "चौदाचा पाना दे." आणि पिंट्या बरोबर चौदाचा पाना हातात ठेवायचा. बाराचा दिलेला मी कधी पाहिला नाही. मी माझ्या मुलींना मुद्दाम ते बघायला घेऊन गेलो होतो. धाकटीने त्याच्याशी हात मिळवला. त्याचा फोटो अजून आमच्या घरात आहे. आता तो बघवत नाही.

"त्याला कळतंय सगळं," मिस्त्री म्हणायचे. हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी व्हायचं.

इंजेक्शनसाठी मीच त्याला सवय लावली होती. मिस्त्रींनी "हात दे" म्हटलं की पिंट्या डावा हात लांब करायचा, तोंड फिरवायचा आणि सुई टोचून होईपर्यंत हलायचा नाही. मग शेंगदाण्याचा लाडू. माणसंसुद्धा इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत, असं मी चारचौघांत सांगायचो.

पाच-सहा वर्षांचा झाल्यावर त्याचं अंग भरलं. एका खेळात त्याने एका कामगाराचा खांदा निखळवला. खेळच होता, सगळे म्हणाले. मिस्त्रींनी अंगणात पिंजरा बांधला. सळ्यांचं प्रत्येक टोक घासून गुळगुळीत केलेलं, कुठे हाताला लागू नये म्हणून. इतकं सुबक काम त्यांनी गिऱ्हाइकाला कधी करून दिलं नसेल.

त्या पिंजऱ्यात पिंट्या तासन्‌तास डुलत बसायचा. पुढे-मागे, पुढे-मागे. स्वतःच्या हातावरचे केस उपटून त्याने कातडी उघडी पाडली होती. मिस्त्रींनी मलम मागितलं. मी दिलं, आणि म्हणालो, "मिस्त्री, हे मलमाने जायचं नाही. त्याला त्याच्यासारखं कुणीतरी लागतं."

मिस्त्रींनी माझ्याकडे जरा रागानेच बघितलं.

"मी हाय की," ते म्हणाले.

मी दोन-तीन प्राणिसंग्रहालयांना पत्रं लिहिली. कागदपत्रं नसलेलं जनावर कुणी घेईना. एका कार्यालयात साहेबाने कायद्याचं पुस्तक चाळलं आणि म्हणाला, हे परदेशी जनावर, यादीत याचं नावच नाही. मीही मग विषय सोडला. खरं सांगायचं तर सोडायला निमित्तच हवं होतं. पत्रं थांबवली आणि मलम देत राहिलो.

एका उन्हाळ्यात मिस्त्री माल पोचवायला इचलकरंजीला गेले होते. दुपारी आक्का रोजच्यासारख्या भाकरी घेऊन पिंजऱ्यात गेल्या. सात वर्षं त्याला त्याच भरवत होत्या. काय बिनसलं ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. "केरसुणी उचलली आन्‌ वर बघितलं, तर त्यो पिंट्या नव्हताच," एवढंच त्या म्हणायच्या. कामगारांनी पाण्याचा पाइप आणि सळ्या घेऊन त्याला मागे हटवलं, तोवर उजव्या हाताची तीन बोटं गेली होती आणि गाल फाटला होता.

संध्याकाळी मी इस्पितळात गेलो. मिस्त्री कॉटच्या पायथ्याशी उभे होते. आक्कांचं तोंड पट्ट्यांत गुंडाळलेलं. शब्द नीट फुटत नव्हते, पण मिस्त्रींना त्या काहीतरी परत परत सांगत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं.

"उपाशी हाय त्यो. काय तरी घाल जा त्येला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली वर्कशॉपच्या दारात जमली होती. कुणी वाईट बोलत नव्हतं. हीच माणसं केळी देणारी. पण प्रत्येकाच्या घरात पोरं होती. मिस्त्री मला आत घेऊन गेले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमीच करा. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई त्यो."

पिंट्या कोपऱ्यात बसला होता. अंगावर वाळलेलं रक्त होतं. मिस्त्री सळ्यांजवळ उकिडवे बसले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तो तसा कसा ठेवला हे मला आजही कळत नाही.

"पिंट्या, हात दे."

तो उठून आला. डावा हात सळ्यांतून बाहेर काढला, तोंड फिरवलं. उजव्या हाताने मिस्त्रींचा अंगठा धरला.

मी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि मग दुसरं. हात शेवटपर्यंत लांब होता. किती तरी वेळाने मिस्त्रींनी आपला अंगठा सोडवून घेतला. "त्याला कळतंय सगळं" हे मात्र त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

पिंजरा त्यांनी स्वतः गॅसकटरने कापला. वीतवीतभर तुकडे होईपर्यंत कापत राहिले. मग वर्कशॉप बंद केलं आणि आक्कांना घेऊन शाहूवाडीकडच्या आपल्या गावी भातशेती करायला गेले. पुढे बरीच वर्षं आमची भेट नाही. माझ्या मनातून तो लांबलेला हात गेला नाही. म्हशीला सुई टोचतानासुद्धा मध्येच दिसायचा.

एके दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "शेजारच्या ऊसतोडीत बिबट्याचं पिल्लू गावलंय. जंगल खात्याला कळवलंय, पर त्यांस्नी यायला उशीर हाय. तुमी या."

मी पोचलो तर बांधावर गर्दी. पाटीत मूठभर पिल्लू, डोळे नुकते उघडलेले. एक पावणं जीप घेऊन आले होते. स्वतःचं फार्महाउस असल्याचं सांगत होते. "मी पाळतो याला. दूध, मटण, काही कमी पडायचं नाही. लहानपणापासून हाताळलं की माणसाळतं."

मिस्त्री पाटी आणि त्या माणसाच्या मध्ये उभे होते. केस पांढरे झालेले. "हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणत होते. पावणं हसत होते.

तेव्हा आक्का पुढे झाल्या. पदराखालचा उजवा हात बाहेर काढून त्यांनी त्या माणसाच्या तोंडासमोर धरला. मग पदर गालावरूनही सारला. जीप निघून गेली.

वनखात्याची माणसं आली, पिल्लू ठीक आहे ना ते मी पाहिलं. आई जवळपासच असणार, म्हणून पाटी तोडीच्या कडेला ठेवायची आणि माणसं लांब न्यायची ठरलं. ऊन उतरलं होतं. लांबच्या बांधावर मिस्त्री राखणीला बसले, पण उसाकडे पाठ करून. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले.

"तुम्ही पाहिलंच नाही पिल्लू?" मी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "बघितलं की हात जातोय."

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "माणसाच्या हाताचा वास लागला, तर आई परत घेत न्हाई म्हणत्यात. खरं का ओ, डॉक्टर?"

तसं सहसा होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते कुठल्या आईविषयी विचारत होते आणि कुठल्या पिल्लाविषयी, ते मला नीट समजलं नाही.

सकाळी पाटी रिकामी होती. आक्कांनी फोनवर सांगितलं. मिस्त्री बघायला गेले नव्हते. पुढच्या ऊसतोडीच्या आतच ते वारले, आणि मला कळलं तेव्हा त्यांचे दिवससुद्धा होऊन गेले होते.