देवीबाईंचा खड्यांचा डबा

देवीबाई गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा आला तेव्हा साडेचार वाजत आले होते. पडद्याआड हे झोपलेले, म्हणून तो दारातूनच हळू आवाजात म्हणाला, "बाई, अम्मा गई." मी "अरे देवा" म्हटलं खरं, पण मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता शाळा सुटेल, मधूला ठेवू कुठे? लिहायला लाज वाटते. पण मी कामांच्या याद्या करून दिवस रेटणारी बाई, आणि दोन वर्षं त्या यादीत साडेचारच्या पुढे देवीबाईंचं नाव होतं.

ह्यांना अंबरनाथच्या कारखान्यात कायमची रातपाळी. क्वार्टर मिळेना म्हणून उल्हासनगरच्या कॅम्पात, सिंधी निर्वासितांच्या बराकीत आम्ही खोली घेतली. खोली म्हणायचं एवढंच. मध्ये गोणपाट, पलीकडे देवीबाई. हे संध्याकाळी सहापर्यंत झोपत. मधू तेव्हा दुसरीत. त्याच्या शाळेत एकाच बराकीत चार वर्ग, चारही मास्तर एकमेकांवर आवाज चढवणारे. तिथून पोरगा यायचा तो अंगात भोवरा शिरल्यासारखा. दप्तर फेकायचा, भांडी आपटायचा, कारण नसताना रडायचा. ह्यांची झोप मोडली की पट्टा निघे. एकदा त्याच्या पाठीला हळद लावावी लागली... बाहेर न्यावं तर चुलीवर ह्यांचा डबा, घरात ठेवावं तर हे. मी वेळापत्रक करून भिंतीला लावलं: हातपाय धुणे, दूध, श्लोक, पाढे. पाढ्यांपर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही.

एके दिवशी देवीबाईंनी गोणपाट बाजूला करून मधूचा हात धरला. "दे मुझे, भेण. तू पण जरा बस." भेण म्हणजे त्यांच्या सिंधीत बहीण. पलीकडे शेजारची चार-पाच पोरं परातीभोवती बसलेली. आधी पाय धुवायचे, मग गुळाचा खडा आणि पाणी, मग समोर मूठभर रेशनचे तांदूळ. त्यातले खडे वेचायचे. बोलायचं नाही असा नियम नव्हता, तरी थोड्या वेळाने कोणी बोलत नसे. वेचलेला खडा पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डब्याच्या तळाशी फडकं होतं, त्यामुळे तोही आवाज नाही.

महिनाभर निभावलं. मग नळावर एक बाई म्हणाली, "काय हो, मधूला सिंधिणीकडे नोकरीला लावलंत? सगळ्या बराकीचे तांदूळ पोरांकडून निवडून घेते ती!" मी हंडा तिथेच ठेवला, तडक गेले आणि चारचौघांत देवीबाईंना विचारलं, "माझं पोर काय तुमच्या कामाला ठेवलंय?" मी मधूला घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा निघाला.

पट्टा निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मधूची राहिलेली पाटी आणायला गेले. देवीबाई एकट्याच परातीसमोर बसल्या होत्या. डब्यातले खडे मुठीत घेऊन स्वच्छ तांदळात कालवत होत्या!

"हे काय करता?"

"चावल तर मी सकाळीच साफ केले. खडे नसतील तर पोरं शोधणार काय?"

मग पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं... सिंधमध्ये खाली गल्लीत दंगा पेटलेला, आणि वर एका बंद खोलीत तीन दिवस त्या आणि दोन लहान मुलं. दिवा लावायचा नाही, आवाज काढायचा नाही. अंधारात त्यांनी मुलांपुढे तांदूळ आणि खडे ठेवले, बोटांनी ओळखा म्हणाल्या. "हाताला काम मिळालं की जीव खाली बसतो, भेण. फडकं तेव्हाच घातलं डब्यात." मी माफी मागू लागले तर हसल्या. "माफी नको. तुझ्या त्या कागदावर लिही, साडेचार, मधू देवीबाईकडे."

देवीबाई गेल्यावर चौदाव्या दिवशी त्यांच्या मुलाने तो डबा आणून दिला. "अम्मा बोली थी, मधू की माँ को देना."

आता चार वाजता तांदळात खडे मी कालवते. पोरं आमच्याकडे बसतात, ह्यांच्या खाटेपासून चार हातांवर. श्वास ऐकू यावा इतकी गप्प. हल्ली एक मूठ मी माझ्यापुढेही घेते. काल सहा वाजले, पोरं गेली, हे उठून चहा मागू लागले, तरी मी वेचतच होते. डब्यात टाकलेला खडा वाजत नाही. एखादा तरी वाजावा, ह्यांच्या कानावर जावा, असं आता फार वाटतं... पण ते फडकं काढायला माझा हात धजत नाही.