ट्रॅक्टरनं तोंड उचललं
क्लच जळाल्याचा वास आला की मला कंधारजवळचा तो चढ आठवतो. नव्या घराची फरशी ट्रॉलीत भरून आम्ही भर दुपारी निघालो होतो. मालक, म्हणजे माझे यजमान, ट्रॅक्टर चालवत होते, मी शेजारी मडगार्डवर बसले होते. निघताना म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी टोकलं होतं, "बेटा, फरशी समदी म्होरं रचलीस. ट्रॅक्टरच्या मागल्या हुकावर वजन लई आलंय, चढाला तोंड उचलंल." मालक नुसते हसले होते. निम्म्या चढावर क्लच जळाल्याचा वास सुटला आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं खरंच जमीन सोडून वर आली. स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळेना. "उडी मार!" मालक ओरडले. मी उडी मारली. त्यांनी क्लच दाबताच तोंड दाणकन खाली आलं, पण आता ट्रॉली मागं घसरू लागली. ते ब्रेकवर उभे राहिले, मी रस्त्याकडेचा धोंडा उचलून चाकामागं सरकवला, तेव्हा कुठं ती थांबली. मग दोघांनी मिळून ट्रॉलीतली एकेक फरशी मागं सरकवली. आता ट्रॉली भरली की मालक आधी मलाच हाक मारतात, "बघ गं, वजन बराबर बसलं का?" मी वाकून बघते, आणि ते परत येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो.