भाऊजींची जंगलसफर

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान नागपूरला साहेब होते आणि निसर्गावर त्यांचं फार प्रेम होतं. आम्ही वाशीमची माणसं, निसर्ग आमच्या पायाखालीच पडलेला, म्हणून प्रेमाबिमाचं आम्हाला कधी सुचलं नाही. आणीबाणी संपली त्याच्या आसपासच्या फाल्गुनात ते कुणाची तरी जीप मागून ताईला घेऊन आले.

"सासूबाई, एसटीत कशाला धक्के खाता? मी सोडतो. उत्तरेकडचं जंगलही आरामात बघून होईल."

आईला मामाकडे जायचं होतं. मेडशीच्या पुढे, झाडीत त्याचं गाव. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मामाला मूल झालं होतं आणि त्या दुपारी बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि मामाला बहीण एकच. महिनाभर आई दुसरं काही बोलत नव्हती. सकाळची एसटी धरली असती तर आम्ही वेळेआधी पोचलो असतो, पण जावयानं दारात गाडी उभी केल्यावर नाही म्हणायची सोय आमच्याकडे नाही.

मालेगाव सुटलं आणि भाऊजींना सौंदर्य दिसायला लागलं. फुललेला पळस दिसला की गाडी थांबे. कॅमेरा निघे, डबा निघे, ताईला झाडाला टेकवून उभं करत. "काय ही शांतता!" असं ते इतक्यांदा ओरडले की पाखरंही उडून गेली. एका गावात जीप शिरताच पारावरचे झाडून सगळे बाप्ये शेताकडे पळाले. नसबंदीवाल्यांची जीप त्यांनी वर्षभर पाहिली होती. भाऊजी गहिवरून म्हणाले, "किती लाजाळू माणसं!"

पुढे हरभऱ्याच्या वावरात रोही, म्हणजे नीलगाय, शिरला होता. शेतकरी ढेकळं मारत धावत होता, तर भाऊजींनी त्यालाच दटावलं, "अहो, हलू नका! फोटो काढतोय."

"अन् मायं वावर कोन वाचवन? तुमचा फोटो?" तो म्हणाला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

ऊन डोक्यावर आलं. आई मांडीवर झबलं-टोपडं घेऊन रस्त्याकडे बघत होती. सासूनं जावयाला घाई करायची नसते, म्हणून ती गप्प. मी तोंड उघडलं तर तिनं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाच्या पत्रावळी उचलत होते. मामा ओशाळून म्हणाला, "बाई, लय वाट पाह्यली. मान्सं उपाशी बसून व्हती. मंग शेजारच्या बाईले आत्या केली."

आई पाळण्यापाशी जाऊन उभी राहिली. भाऊजींनी तेवढ्यात कॅमेरा सरसावला.

"सासूबाई, वाका जरा. कानात सांगितल्यासारखं करा. फोटोत काय कळतंय कुणाला!"

आईनं आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या डोळ्याला डोळा दिला.

"नाव एकडावच ठेवतेत, जवाईबुवा. तुमी जा आता. मी यष्टीनं येतो."

भाऊजी ती सफर अजून रंगवून सांगतात. मामाचा मुलगा पुढे स्वतः बाप झाला. आई त्याला शेवटपर्यंत 'बाळ्या' म्हणत राहिली, नाव तिनं एकदाही घेतलं नाही.